मी हिला वंदना म्हणून ओळखते

बाई,

तुम्ही गेल्याचं मला सहा दिवसांनी कळलं. नणंदेचा फोन आला होता कॉलनीच्या गेटवरच्या एसटीडी बूथवर, आणि बूथवाला निरोप द्यायला विसरला. मी कांदे घेत होते तेव्हा त्याला आठवलं. "रोहा से फोन था. कोई टीचर गुजर गई," एवढंच म्हणाला. मी तिथूनच उलटा फोन लावला. नणंद म्हणाली, "वैनी, तुझ्या टिपणीस बाई गेल्या गो. झोपेतच गेल्या. त्रास नाय झाला." मग म्हणाली, "तुझ्या शाळेतली लोकं आठवणींची वही काढतायत. त्यांच्या भाचीनं तुझं नाव विचारलंन. कुठलं सांगू ते मला कळेना, म्हणून दोन्ही सांगितली."

म्हणून लिहायला बसले आहे. तुमचा जन्म कुठला, नोकरी कुठे कुठे झाली, निवृत्त कधी झालात, ते त्या वहीत दुसरं कुणी लिहील. मला त्यातलं निम्मं माहीतही नाही. मला तुमच्याशी एक भांडण पुरं करायचं होतं, आणि एक खोटं बोलले होते ते कबूल करायचं होतं. दिवाळीला गेलो की बोलू, असं दोन वर्षं म्हणत होते. जामनगरहून रोहा म्हणजे गाड्या बदलत दीड दिवस, वर ह्यांना कंत्राटदाराने सुट्टी द्यायला हवी. राहून गेलं.

तुम्ही हजेरी घ्यायचात तशी मी नंतर कुठे बघितली नाही. बाकीचे मास्तर नुसते नंबर घ्यायचे. तुम्ही मुलींना उभं करून पूर्ण नाव बोलायला लावायचात. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. "मिठाच्या राशीपलीकडे ऐकू गेलं पाहिजे," म्हणायचात. शाळेच्या मागेच मिठागर होतं, तिथे बाबा कामाला. एकदा तो तिथूनच ओरडला, "ऐकला गो बाय, ऐकला. बस आता खाली." सगळा वर्ग हसला. तुम्ही खिडकीपाशी गेलात आणि त्याला म्हणालात, "नारायणराव, अजून आडनाव राहिलंय तिचं. ते झालं की बसेल."

बाबाला नारायणराव म्हणणारं आमच्या गावात दुसरं कुणी नव्हतं. आणि मला वंदना म्हणणारंही. घरात मी बाय. काकूंची बाय, आजीची बाय. वंदना हे नाव शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं म्हणून आईने घाईघाईत सांगितलेलं. ते माझं आहे असं मला तुमच्या हजेरीमुळे वाटायला लागलं.

रोह्याहून येणाऱ्या गाडीतून जित्याच्या स्टेशनावर उतरून तुम्ही खाडीच्या बांधावरून चालत यायचात. चपला हातात, पिशवी खांद्याला. निवडणूक जवळ आली की दुपारच्या सुट्टीत मिठागरावरच्या बायकांना शाळेत बोलावून घ्यायचात. सही शिकवायचात आणि मत कसं द्यायचं ते. दोरीवर सतरंजी टाकून आडोसा केलेला. उमेदवार तीन, वांगं, भेंडी आणि दुधी. त्यांची चित्रं काढायचं काम माझं. शिक्का बटाटा कापून तुम्हीच केलेला. कागदाची आधी उभी घडी, मग आडवी, म्हणजे ओली शाई दुसऱ्या चित्रावर उमटत नाही, हे तुम्ही प्रत्येकीचा हात धरून दाखवलंत. पहिल्यांदा मतांचा डबा उघडला तर प्रत्येक कागदावर तीन शिक्के.

"हे काय?" तुम्ही विचारलंत.

आमच्या शेजारची हिराकाकू म्हणाली, "मास्तरीणबाय, तिघांना पन दिला. एकालाच दिला तर बाकीचे रुसतील ना."

"अगं हिरा, ती भाजी आहे."

"आज भाजी हाय. उद्या मानसां असतील. तेंच्याच दारावरनं पानी भरतो आमी."

तुम्ही खुर्चीवर बसलात. मग म्हणालात, "म्हणून तर सतरंजी टांगलीय. आत काय केलंस ते फक्त तुला माहीत." दुसऱ्या फेरीला दुधी निवडून आला, आणि दुधीला मत दिलं असं एकही बाई कबूल करेना. त्या दिवशी तुम्ही पोटभर हसलात. जाताना आणखी एक सांगितलंत. केंद्राबाहेर पार्टीवाले टेबलं टाकून बसतात, त्यांच्या हातची चिठ्ठी घ्यायची नाही. "तुम्हाला तोंड आहे, नाव आहे. नाव सांगायचं आणि आत जायचं." मी तेव्हा सातवीत होते. मत मला नव्हतं, पण ते वाक्य मी लक्षात ठेवलं. नंतर ते मला फार महागात पडलं.

आठवीसाठी पेणच्या हायस्कुलात जायचं तर गाडी. तुम्ही बाबाला समजवायला आलात. बाबा म्हणाला, "बाई, पोरीला गाडीत सोबत कोन?"

"मी आहे की. मी त्याच गाडीत असते."

बाबा तुमच्याकडे बघत राहिला. "बाई, तुमची गाडी सकाळी इकडं येते. तिची गाडी सकाळी तिकडं जानार."

रोज त्या गाडीने येणाऱ्या तुम्ही, आणि हे तुमच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. आई पदरात तोंड घालून हसली. तुम्ही जराही न गडबडता म्हणालात, "मग रोह्याला माझ्याकडे राहील. मी एकटीच आहे." बाबा एकदम गंभीर झाला. पोरगी दुसऱ्याच्या घरी ठेवायची म्हणजे काय, असं काहीतरी पुटपुटला. शेवटी हमरापूरच्या दोन मुली जाणार होत्या त्यांच्या सोबतीने मी पेणला गेले, दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर मिठाचा हंगाम लागला, आई आजारी पडली, आणि घर माझ्यावर आलं. होळीपर्यंत परत पाठवतो असं बाबा तुम्हाला म्हणाला होता. तो खोटं बोलत नव्हता. त्यालाही तसंच वाटत होतं. होळीच्या आत आई गेली.

सतराव्या वर्षी माझं लग्न ठरलं, अष्टमी गावात. तुमच्या रोह्याच्या समोर, मध्ये फक्त कुंडलिका नदीवरचा पूल. मला वाटलं, बाई आता जवळ येतील. पत्रिका द्यायला बाबा स्वतः आला होता तुमच्याकडे. तुम्ही त्याला चहा दिलात आणि सांगितलंत, "सतरा वर्षांच्या मुलीवर अक्षता टाकायला मला जमणार नाही, नारायणराव. रागावू नका." तो रागावला नाही. मी रागावले. लग्नात मी सारखी दाराकडे बघत होते.

आणि त्याच लग्नात, ताटात तांदूळ पसरून, ह्यांनी सोन्याच्या अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. सुनंदा. सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले. रीतच आहे, मला त्यात वावगं काही वाटलं नाही. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले. नाव राहिलं. तुम्ही तिथे नव्हतात, म्हणून ते तुम्हाला कळलं नाही.

पुढची पाच वर्षं आपण पुलाच्या दोन बाजूंना राहिलो आणि भेटलो नाही. मी बाजाराला पलीकडे यायची. तुमच्या आळीवरून जाताना पावलं पटपट टाकायची.

मग ती विधानसभेची निवडणूक. यादीत माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं. हे नागोठण्याला कंपनीत सकाळच्या शिफ्टला गेलेले. सासूबाई आळीतल्या बायकांबरोबर लवकर मत देऊन आल्या आणि तशाच नागोठण्याला बहिणीकडे गेल्या. मुलगी झोपल्यावर तिला नणंदेकडे देऊन मी निघाले. केंद्राबाहेर सासऱ्यांच्या पार्टीच्या टेबलावर माझी चिठ्ठी लिहून तयार होती. "ए सुनंदा, चिठ्ठी घे," कुणीतरी हाक मारली. मी म्हटलं, "नको. मी नाव सांगेन." मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं, बाई. असं काहीतरी करायची संधी माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

आत पहिल्या टेबलावर तुम्ही. निवडणुकीच्या ड्यूटीवर. चष्मा नाकावर उतरलेला, समोर यादी, यादीवर पट्टी. मान वर न करता तुम्ही विचारलंत, "नाव?"

मी दोन्ही हात बाजूला ठेवून सरळ उभी राहिले आणि म्हणाले, "वंदना नारायण म्हात्रे."

तिथे मिठाची रास नव्हती, तरी आवाज तेवढाच लागला. सगळी खोली वळून बघायला लागली. तुम्ही मान वर केलीत. तुमच्या तोंडावर आधी जो आनंद आला तो मी बघितला, म्हणूनच पुढचं माझ्या जास्त मनाला लागलं. तुमची पट्टी यादीवरून खाली सरकली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली.

"हरकत," दत्तूभाऊ म्हणाले. ते दुसऱ्या पार्टीचे एजंट, आणि आमचे भिंतीला भिंत लावून शेजारी. "या नावाची बाई यादीत नाय."

माझ्या तेव्हा लक्षात आलं. "सुनंदा," मी म्हणाले. "सुनंदा..." आणि अडकले. पुढे ह्यांचं नाव घ्यायचं होतं. उखाण्याशिवाय ते मी चारचौघात कधी घेतलेलं नव्हतं. तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं.

दत्तूभाऊ केंद्राध्यक्षांना म्हणाले, "बघा साहेब. आधी एक नाव, मग दुसरं, आणि नवऱ्याचं तर येतच नाय." माझ्या लग्नात या माणसाने दोनदा जिलेबी मागून खाल्ली होती. आमच्या घरातलं मत कुठे जाणार ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ते मला ओळखत नव्हते.

केंद्राध्यक्ष बाहेरगावचे होते. त्यांनी तुम्हाला विचारलं, "बाई, तुम्ही हिला ओळखता?"

"ओळखते."

"कोण ही?"

"मी हिला वंदना म्हणून ओळखते. माझी विद्यार्थिनी आहे."

"आणि सुनंदा म्हणून?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मान हलवत होते, हो म्हणा, हो म्हणा. तुम्ही म्हणालात, "सुनंदा म्हणून मला माहीत नाही."

साहेब म्हणाले, रेशनकार्ड घेऊन या. रेशनकार्ड ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली सासूबाईंच्या कमरेला, सासूबाई नागोठण्याला. मी घरी येऊन उंबऱ्यावर बसले. पाच वाजता मतदान संपलं. त्या सात वाजता आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आख्ख्या अष्टमीला ठावं हाय तू कोन ते. सांगायला मेला एक मानूस भेटला नाय?"

पुढच्या रविवारी तुम्ही पूल ओलांडून आमच्या घरी आलात. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी पाट दिला, चहा ठेवला. तुम्ही पिशवीतून नावदुरुस्तीचा फॉर्म काढलात. माझं शाळेतलं नाव यादीत परत लावायचं, शाळेचा दाखला तुम्ही आणून देणार, सही फक्त माझी. हे तुम्ही सासूबाईंच्या देखत सांगितलंत.

सासूबाई म्हणाल्या, "मास्तरीणबाई, नाव आम्ही सोन्याच्या अंगठीनं तांदळात लिवलंय."

"ते तांदूळ खाल्लेत ना?"

"खाल्ले. मग?"

"मग नाव कशाला राहिलंय?"

"अहो, तुमची पोरगी होती तवा तुम्ही काय ते नाव लावलंत. आता आमची सून हाय. तुमच्या शाळेच्या वहीत आम्ही कधी खाडाखोड केली का?"

तुम्ही हातातला फॉर्म मांडीवर ठेवलात. मला थोडं हसू आलं आणि थोडी भीती वाटली, आता दोघी माझ्याकडे वळतील म्हणून. तशा वळल्यातच.

मी म्हटलं, "बाई, राहू द्या. सुनंदाच राहू दे."

"का?"

"मला इथे राहायचंय."

"मग त्या दिवशी वंदना कशाला म्हणालीस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"मी यादीतलं नाव विचारलं."

"तुम्ही विचारल्यावर मला तेच आलं." मग मात्र मी थांबले नाही. "तुम्ही 'ओळखते' एवढं म्हणून गप्प बसला असतात तरी झालं असतं. आणि लग्नाला आला असतात तर सुनंदा पण माहीत असती तुम्हाला."

तुम्ही फॉर्मची घडी घातलीत, पिशवीत ठेवलात आणि उठलात. दारात वळून म्हणालात, "खोटं सांगून मिळवलेलं मत तुला चाललं असतं?" मी म्हटलं, "त्यात खोटं काय होतं? मीच होते ना ती?" तुम्ही गेलात. चहा तसाच राहिला. सासूबाई तो उचलून स्वतः प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाई खरी हाय. पन असल्या मानसाशी संसार कसा करायचा गो?"

आपलं भांडण तिथेच राहिलं. सहा महिने बोलणं नाही. मग एकदा बाबाने खाडीची सुकट पाठवली, बरीच होती, तर मी एक डबा भरून तुमच्या दारात ठेवून आले. कडी वाजवली आणि पळाले, लहान पोरीसारखी. आठ दिवसांनी तुमच्या भाचीने डबा परत आणून दिला. डबा रिकामा पाठवायचा नाही हे तुम्हीही मानायचात. आत दहावीचं भूगोलाचं पुस्तक, दुमडून बसवलेलं. त्या पुस्तकाला शेवटपर्यंत सुकटीचा वास येत होता. मग मी कोकमं पाठवली, तुम्ही इतिहास पाठवलात. लोणचं पाठवलं, तर सतरा नंबरचा फॉर्म आला, बाहेरून दहावीला बसायचा. हे म्हणाले, "यापुढे बाईंना गोड कायतरी पाठव, नायतर गणित येईल." गणित आलंच.

परीक्षेला मी बसले नाही, बाई. पुस्तकं सगळी वाचली. इतिहास दोनदा वाचला. फॉर्म भरायची वेळ आली की डोळ्यांसमोर तेच यायचं. टेबल, त्यामागे माणूस, समोर कागद, आणि तो म्हणणार की या नावाची कुणी नाही. तुम्हाला वाटायचं, घरचे अडवतात. घरच्यांनी अडवलं नाही. मीच घाबरत होते. हे तुम्हाला सांगायची लाज वाटायची, म्हणून दर वेळी सासूबाईंचं नाव पुढे केलं. त्यांचीही माफी मागायला हवी.

आता ते खोटं. विधानसभेनंतर वर्षभराने पुन्हा निवडणूक लागली, लोकसभेची. सासूबाईंनी आदल्या दिवशीच रेशनकार्ड काढून माझ्या उशाशी ठेवलं. ह्यांनी शिफ्ट बदलून घेतली. आणि सकाळी मी अंगात कणकण आहे म्हणून पडून राहिले. केंद्रावर तुम्ही नसणार हे कळलं होतं. ड्यूटी दुसरीकडे होती तुमची. तरीही पाय उचलला नाही. हे दोनदा दारात येऊन बघून गेले. महिन्याच्या आत मला तुमच्याकडे डबा घेऊन यायचं होतं, आणि बोटावर शाई नव्हती. मी दोन्ही हातांच्या सगळ्या नखांना मेंदी लावली. कुणाचं लग्न नाही, सण नाही. तुम्ही विचारलंत, "दिलंस?" मी म्हटलं, "दिलं." तुम्ही माझ्या बोटांकडे बघितलंत, बऱ्यापैकी वेळ. मग म्हणालात, "रंग छान चढलाय," आणि चहा ओतलात.

तुम्हाला कळलं होतं का? मी त्यावर खूप विचार केला आहे. कळलं असेल तर ज्या बाईने केंद्राध्यक्षांसमोर एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही, तिने माझं खोटं ऐकून घेतलं आणि चहा ओतला. कळलं नसेल तर मी तुम्हाला फसवलं. दोन्हींतलं काय बरं, ते मला ठरवता येत नाही.

त्यानंतर हे कंत्राटदाराबरोबर इकडे जामनगरला आले, मागून आम्ही. निघायच्या आदल्या दिवशी मी तुमच्याकडे आले होते, आठवतं? तुम्ही भेंडी चिरत होतात. आपण मुलीच्या शाळेबद्दल बोललो, गुजरातीत शिकवतील की हिंदीत याबद्दल. तुम्ही म्हणालात, "हजेरी घेतात का बघ." मी वाकून नमस्कार केला तेव्हा तुमचा हात भेंडीने चिकट होता म्हणून तुम्ही मनगट डोक्यावर टेकवलंत.

तुमची पोस्टकार्डं यायची ती वंदनाच्या नावाने. खाली ह्यांचं नाव, कॉलनीचा पत्ता. गेटवरचा माणूस ह्यांना विचारायचा, "ये वंदना कौन है?" हे म्हणायचे, "मेरी ही है." घरी येऊन मला सांगायचे, "एकीशी लग्न केलं, दोन निघाल्या." मी हसायची. कार्ड मात्र दारातच वाचायची. पाच आली. शेवटच्यात तुम्ही लिहिलं होतं की इकडच्या यादीत नाव घालून घे, बदली झाली म्हणून मत वाया घालवू नकोस. गेल्या खेपेचं वाया गेलंच होतं. नाव अष्टमीत आणि मी इथे. त्या कार्डाला मी उत्तर लिहिलं नाही. म्हणजे लिहायला घेतलं की मेंदीचं सांगावं लागेल असं वाटायचं, आणि कागद बाजूला ठेवायची. पंचवीस वर्षांची झाले बाई, आणि अजून एकदाही मत दिलेलं नाही. तुमच्या हाताखाली सातवी झालेली मुलगी.

तुमची बातमी कळली त्याच आठवड्यात यादीचं काम करणारा माणूस आमच्या लाइनीत आला. इथल्याच शाळेतला मास्तर, तरुण आहे, घामाने शर्ट ओला झालेला. शेजारच्या घरात त्याला बाईचं नाव तिच्या नवऱ्याने सांगितलं, पलीकडच्या घरात दिराने. माझ्याकडे आला तेव्हा हे ड्यूटीवर होते. मी आधीच आत जाऊन रेशनकार्ड, मुलीचा जन्मदाखला, सगळी पिशवी घेऊन आले. तो म्हणाला, "बेन, कागळ पछी. पहेलां नाम बोलो." कागद नंतर, आधी नाव.

मी पिशवी हातात धरून उभी राहिले. त्याला वाटलं लाजते आहे. म्हणाला, "तमारा पतिने पूछी लईश." नवऱ्याला विचारून घेईन. मी नको म्हटलं.

त्या वेळात मी काय विचार केला ते सांगते. वंदना म्हटलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण रेशनकार्डावर सुनंदा, मुलीच्या दाखल्यावर आई म्हणून सुनंदा, ह्यांच्या कंपनीच्या पासावर सुनंदा. पुन्हा कुणीतरी हरकत घेणार, पुन्हा मी घरी येऊन उंबऱ्यावर बसणार. तेवढी हिंमत माझ्यात नाही, आणि ती आणायची वाट बघत बसले तर मत द्यायचं राहूनच जाईल. मी सांगितलं, "सुनंदा सुरेश पाटील." मधलं नाव न अडखळता घेतलं. त्याने काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगितलं. गुजराती अक्षरं मला अजून नीट लागत नाहीत, म्हणून मुलीला बोलावून तिच्याकडूनही वाचून घेतलं.

तुम्हाला हे आवडलेलं नाही, मला माहीत आहे. दिवाळीला आले असते तर तुमच्यासमोर बसून हेच सांगितलं असतं, आणि तुम्ही फॉर्मची घडी घातली होतीत तसा चेहरा करून ऐकलं असतंत. मग म्हणाला असतात, खाडाखोड त्यांनी केली ती केली, तू का त्यावर सही करतेस? माझ्याकडे एवढंच आहे, की तुम्ही मला ओळखलंत म्हणून त्या दिवशी माझं मत गेलं, आणि इथे मला कुणी ओळखत नाही, तर ते मिळणार आहे. मला ते हवंय. मला दोन्ही हवं होतं, बाई. बाबा बाय म्हणतो, हे सुनंदा म्हणतात, मुलगी आई म्हणते. वंदना म्हणून मला हाक मारणाऱ्या तुम्ही एकट्या होतात.

यादी लागली की शाळेच्या भिंतीवर जाऊन नाव बघून येईन. मतदानाच्या दिवशी सकाळी लवकर जाईन, म्हणजे काही राहिलं तर घरी येऊन परत जाता येईल. आत गेल्यावर टेबलामागचा माणूस मान वर न करता नाव विचारेल. मी सुनंदा सांगेन. आता चुकणार नाही, कारण विचारणाऱ्या तुम्ही नसाल.